'सटल'मधला मुका 'बी' आणि मागावरचा आडवा धागा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. स्पर्धा परीक्षेसाठी तुम्ही इंग्रजी शब्द त्यांच्या लॅटिन मुळांवरून पाठ करता. 'सब' म्हणजे खाली, हे तुम्हाला पाठ होतं. सराव परीक्षेत 'सटल' हे विशेषण आलं. स्पेलिंगच्या सुरुवातीला एस-यू-बी दिसलं म्हणून तुम्ही 'खालच्या दर्जाचा' हा पर्याय निवडला आणि उत्तर चुकलं. आता तुम्ही विचारताय की हा शब्द आला कुठून, 'बी' बोलायचा नाही तर लिहायचा कशाला, आणि मुळावरून अर्थ काढायची ही पद्धत भरवशाची आहे की सोडून द्यावी.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सांगता येतात. तिसऱ्याचं उत्तर थोडं तुमच्यावरही अवलंबून आहे. हाताशी वेळ किती आहे, परीक्षेत सुटे शब्द विचारतात की उताऱ्यातले, आणि मुळात तुम्हाला वाचनाची सवय किती आहे, यावर ते बदलेल. मी सोलापुरात बरीच वर्षं इंग्रजी शिकवतो आहे. माझ्या वर्गात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी बोलणारी मुलं एकाच बाकावर बसतात. मुळांची पद्धत मी स्वतः वापरतो आणि मुलांनाही वापरायला लावतो, पण उलट्या क्रमाने. ते का, हे 'सटल'वरूनच नीट सांगता येईल.

आज 'सटल' म्हणजे सूक्ष्म, चटकन नजरेत न भरणारा, बारकाव्याचा. दोन रंगांतला सटल फरक, बोलण्यातला सटल टोमणा. कमी दर्जाशी त्याचा काही संबंध नाही. पण 'सब' मात्र त्यात खरोखरच आहे, आणि तो 'खाली' याच अर्थाने आहे. तुमचं मूळ बरोबर होतं, फक्त कशाच्या खाली हे तुम्ही विचारलं नाही.

त्याचं उत्तर मागावर सापडतं. लॅटिनमध्ये शब्द होता 'सुब्तिलिस'. बहुतेक व्युत्पत्तिकार तो 'सुब' आणि 'तेला' असा फोडतात. 'तेला' म्हणजे मागावरचं विणकाम, आणि त्यातही विशेषकरून ताणलेले उभे धागे. आपल्या सोलापुरात राहणाऱ्याला हे समजायला पुस्तकाची गरज नाही. शहराच्या पूर्व भागात एखाद्या ओळखीच्या कारखान्यात जा आणि चालत्या मागाजवळ पाच मिनिटं उभे राहा. बीमवरून, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळावरून, सुटलेले शेकडो धागे तुमच्या समोर ताणून धरलेले दिसतील. तो ताणा. त्यातले काही धागे वर उचलले जातात, काही खाली राहतात, मधे फट पडते, आणि त्या फटीतून धोटा आडवा धागा घेऊन पलीकडे जातो. तो बाणा. फणी पुढे येते, तो धागा कापडाला ठोकून बसवते, वरचे धागे खाली जातात, खालचे वर येतात आणि धोटा परत फिरतो. आता कापडाची तयार कड डोळ्याजवळ घेऊन एकच आडवा धागा नजरेने धरा. तो एका उभ्या धाग्याच्या वरून जातो, पुढच्याच्या खालून, परत वरून, परत खालून. ताण्याच्या खाली शिरलेला असतो तेव्हा तो दिसतच नाही.

आणखी एक गोष्ट कारागिराला विचारा. ताण्याच्या सुताला आधी खळ देतात, कारण ओढ आणि घासणी त्यालाच सोसावी लागते. बाण्याला तेवढी ओढ नसते, त्यामुळे तो मऊ आणि नाजूक असला तरी चालतो. 'ताण्याच्या खालचा' या कल्पनेतून 'बारीक, तलम' हा अर्थ कसा निघाला असेल, हे मला या दोन गोष्टींवरून पटतं. रोमन लोकांनी नेमकी हीच वाट धरली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण लॅटिनमध्ये 'सुब्तिलिस'चा अर्थ बारीक, पातळ, नाजूक असा होता, याला भरपूर लेखी पुरावा आहे.

लॅटिनमधली मागाची बाकीची शब्दसंपदाही याला जोड देते. बाण्याला तिथे 'सुब्तेमेन' म्हणत, म्हणजे खालून विणलेला. त्यातही तोच 'सुब' आहे. आणि ताण्याच्या धाग्याला 'स्टामेन' म्हणत. हा शब्द 'उभं राहणे' या अर्थाच्या धातूशी जोडलेला आहे, कारण त्यांच्या जुन्या मागावर ताणा खरोखरच वरून खाली उभा टांगलेला असे. आपण आज आडव्या मागावरच्या ताण्यालाही 'उभा धागा'च म्हणतो. फुलातल्या पुंकेसराला इंग्रजीत 'स्टेमन' म्हणतात तो हाच शब्द, आणि धावपटूचा 'स्टॅमिना' हे त्याचंच लॅटिन अनेकवचन.

'तेला' ज्या धातूतून आला तो 'तेक्सेरे', म्हणजे विणणे. त्याचा पसारा मोठा आहे. 'टेक्स्टाइल' हे मुळात विशेषण, अर्थ विणलेलं. 'टेक्स्ट' म्हणजे शब्दांचं विणलेलं. 'कॉन्टेक्स्ट' म्हणजे एकत्र विणलेलं, 'प्रीटेक्स्ट' म्हणजे खरं कारण झाकायला पुढे विणून धरलेला पडदा. 'टिश्यू' फ्रेंचमधून आला, त्याचाही अर्थ विणलेलं. आणि 'टॉयलेट'सुद्धा याच घरातला. फ्रेंचमध्ये 'त्वाल' म्हणजे कापड, 'त्वालेत' म्हणजे छोटं कापड. ते आधी प्रसाधनाच्या मेजावर अंथरायचं कापड होतं, मग प्रसाधन, मग प्रसाधनाची खोली, आणि शेवटी आजचा अर्थ. केवळ मूळ पाहून 'टॉयलेट'चा आजचा अर्थ कोणाला सांगता येईल? कोणालाच नाही. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण आपल्याकडे ती फार वेळा चुकीची सांगितली जाते. संस्कृतात 'तक्ष्' हा धातू आहे, म्हणजे तासणं, घडवणं. 'तक्षन्' म्हणजे सुतार. तो आणि 'तेक्सेरे' एकाच मुळातून आलेले आहेत. पण याचा अर्थ लॅटिन शब्द संस्कृतातून निघाला असा होत नाही. या दोन भगिनी भाषा आहेत, दोघींच्या मागे त्याहून जुनी भाषा आहे. 'हा शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला' असं कोणी सांगितलं, तर कधी, कोणत्या वाटेने आणि मधल्या काळात तो कुठे लिहिलेला सापडतो, एवढं नम्रपणे विचारावं.

आता अर्थाचा पुढचा प्रवास. बारीक धाग्यापासून बारीक विचारापर्यंत यायला रोमन लोकांना फार वेळ लागला नाही. इसवी सनपूर्व 46 मध्ये रोमन वक्ता सिसेरो याने 'ओरातोर' हे वक्तृत्वावरचं पुस्तक लिहिलं. त्यात वक्तृत्वाच्या तीन शैली सांगताना मुद्दा सिद्ध करण्यासाठी वापरायच्या साध्या, नेमक्या शैलीला तो हेच विशेषण लावतो. म्हणजे तेव्हाच शब्द मागावरून उठून वादविवादात आला होता. मराठी माणसाला हे मुळीच अवघड वाटू नये. 'बारीक' हा शब्द आपण फारसीतून घेतला, अर्थ पातळ, लहान. पण 'त्याची नजर बारीक आहे' म्हणताना डोळ्याचा आकार आपल्या मनात नसतो. 'बारकाईने वाच', 'या रागातले बारकावे', हा सगळा अर्थविस्तार 'सुब्तिलिस'च्या अगदी शेजारून जातो. म्हणून मी वर्गात 'सटल'चा मराठी प्रतिशब्द विचारला की 'सूक्ष्म'च्या आधी 'बारकाव्याचा' हे उत्तर आलं तर मला जास्त आनंद होतो. त्या मुलाने शब्द पाठ केलेला नसतो, तो त्याला समजलेला असतो.

लॅटिनमधून शब्द जुन्या फ्रेंचमध्ये गेला. तिथे तो 'सोतिल', 'सुतिल' अशा रूपांत बोलला जाऊ लागला आणि मधला 'ब' गळून पडला. 1066 नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांचं राज्य आलं, आणि त्यानंतरच्या काळात असे शेकडो शब्द इंग्रजीत शिरले. 1300 च्या आसपास इंग्रजीत तो 'ब' शिवायच लिहिलेला सापडतो. त्या काळी त्याचा अर्थ हुशार, कसबी असा होता आणि त्याला लागूनच कावेबाज असाही. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये एदेन बागेतला सर्प सगळ्या प्राण्यांत जास्त 'सटिल' होता असं वाक्य आहे. तिथे 'सूक्ष्म' असा अर्थ लावलात तर वाक्य बिघडेल. तिथे तो धूर्त आहे. आपणही 'आतल्या गाठीचा माणूस' म्हणतो तेव्हा झाकलेल्या गाठीवरूनच माणसाचा स्वभाव सांगत असतो. जुनं इंग्रजी वाचणार असाल तर हा अर्थ लक्षात असू द्या. परीक्षेच्या आजच्या उताऱ्यात तो क्वचितच लागेल.

आता तुमचा 'बी'. तो बोलण्यातून आलेला नाही, लेखणीतून आलेला आहे. चौदाव्या शतकापासून आणि मग विशेषतः सोळाव्या शतकात लॅटिन शिकलेल्या लेखकांना वाटू लागलं की शब्दाचं मूळ स्पेलिंगमध्ये दिसलं पाहिजे. म्हणून त्यांनी 'सटल'मध्ये 'बी' परत घातला. लोक मात्र पूर्वीसारखंच बोलत राहिले. 'डेट' म्हणजे कर्ज, यातला 'बी' असाच आला. फ्रेंचमध्ये तो नव्हता, लॅटिन 'देबितुम'मध्ये होता. 'डाउट'मधला 'बी'ही तसाच, लॅटिन 'दुबितारे'वरून. शेक्सपिअरच्या 'लव्ज लेबर्स लॉस्ट' या नाटकात एक पंडित शिक्षक आहे. लोक 'डाउट' आणि 'डेट'मधला 'बी' उच्चारत नाहीत म्हणून तो संतापतो. म्हणजे त्या काळातही तो 'बी' मुकाच होता, आणि तो बोलला जावा असा आग्रह धरणारी माणसंही होती. फ्रेंचांनीही आपल्या शब्दात 'ब' परत आणला, पण ते तो बोलतात.

मग मुकं अक्षर म्हणजे मुळाचा खात्रीचा पुरावा समजायचा का? नाही. 'आयलंड'मधला 'एस' बघा. हा शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला, त्यात 'एस' कधीच नव्हता. शेजारी 'आइल' हा लॅटिन 'इन्सुला'वरून फ्रेंचमार्गे आलेला शब्द होता. दोन्हींचा अर्थ बेट, म्हणून 'आयलंड'लाही 'एस' चिकटवला गेला. 'डेट'चा 'बी' खरी साक्ष देतो, 'आयलंड'चा 'एस' खोटी, आणि दिसायला दोन्ही सारखेच. हे ओळखायचं तर मधल्या शतकांतली लेखी रूपं क्रमाने बघावी लागतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात प्रत्येक अर्थाखाली जुन्या लेखनातली उद्धरणं सालासकट दिलेली असतात, ती त्यासाठीच. मराठीसाठी कृ. पां. कुलकर्णींचा 1946 चा व्युत्पत्तिकोश आहे, आणि मोल्सवर्थचा त्याहून कितीतरी जुना कोश आहे. इंग्रजीची तयारी करतानाही हे चाळा, शब्दांकडे बघायची दृष्टी येते.

व्युत्पत्तीची गोष्ट जितकी गोड, तितका माझा संशय जास्त. 'सिन्सिअर'ची कथा तुम्ही ऐकली असेल. रोमन शिल्पकार संगमरवरातल्या भेगा मेणाने बुजवत, म्हणून 'सिने सेरा', मेणाशिवाय, म्हणजे अस्सल. भाषणांत ती फार चालते. ऑक्सफर्डचा कोश ती व्युत्पत्ती मानत नाही. लॅटिनमध्ये 'सिन्सेरुस' हे आधीच पूर्ण विशेषण होतं, अर्थ शुद्ध, भेसळ नसलेलं. त्याचा पहिला भाग 'एक' या अर्थाचा आणि दुसरा 'वाढणे' या अर्थाचा असावा, असं अभ्यासक धरतात. ही व्युत्पत्ती सांगायला रंजक नाही, पण शब्दाच्या रूपाशी जुळते. कोणी तुम्हाला मेणाची गोष्ट सांगून शब्द शिकवत असेल, तर शब्द लक्षात ठेवा आणि गोष्ट सोडून द्या.

अर्थ कधी कधी पूर्ण उलटाही होतो. 'इग्रीजस' म्हणजे कळपातून वेगळा उठून दिसणारा. 'ग्रेक्स' म्हणजे कळप. त्याच कळपातले 'ग्रिगेरिअस', 'सेग्रिगेट', 'काँग्रिगेट', 'अॅग्रिगेट'. सांगोला, मंगळवेढ्याकडे मेंढरांचा कळप ज्यांनी पाहिलाय त्यांना हे मूळ एकदा सांगितलं की जन्मभर पुरतं. सोळाव्या शतकात 'इग्रीजस' हे विशेषण स्तुतीचं होतं. इटालियन पत्रांच्या सुरुवातीला आजही 'एग्रेजो' हे आदराने लिहितात. इंग्रजीत मात्र 'इग्रीजस मिस्टेक' म्हणजे ढळढळीत, अक्षम्य चूक. मूळ एकच, आणि एकीकडे मान, दुसरीकडे दोष.

आणि 'सटल'चा एक जवळचा शेजारी मुद्दाम सांगतो, कारण परीक्षेत या दोघांची गल्लत होते. 'टेन्युअस'. लॅटिन 'तेनुइस', म्हणजे पातळ. हा तर आपल्या 'तनु'चा सख्खा नातलग. 'तन्' म्हणजे ताणणे, तंतू त्यातलाच आणि मागावरचा ताणाही त्यातलाच. म्हणजे 'सटल' आणि 'टेन्युअस' हे दोन्ही शब्द लॅटिनमध्ये एके काळी 'पातळ, बारीक' याच अर्थाचे होते. इटालियनमध्ये 'सोत्तीले' आजही कापलेल्या पातळ चकतीला म्हणतात. पण इंग्रजीत 'सटल आर्ग्युमेंट' म्हणजे बारकाव्याने मांडलेला युक्तिवाद आणि 'टेन्युअस आर्ग्युमेंट' म्हणजे जरा ओढला की तुटेल असा. एक शाबासकी, दुसरा ठपका. मुळांच्या यादीत दोघांपुढे 'पातळ' एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्या यादीवर विसंबलात तर गुण जाणारच.

म्हणून मी क्रम उलटा ठेवायला सांगतो. आधी आजचा वापर, मग मूळ. शब्द भेटला की प्रथम त्याची दोन-तीन खरी वाक्यं बघा, वर्तमानपत्रातली किंवा कोशातली. तो कोणत्या नामांच्या आधी येतो ते पाहा. 'सटल' फरक, छटा, बदल, सूचना यांच्या आधी येतो. 'टेन्युअस' संबंध, पकड, दावा, शस्त्रसंधी यांच्या आधी. त्यानंतर मूळ शोधा आणि मुळापासून आजच्या अर्थापर्यंतचा पूल तुमच्या स्वतःच्या मराठी शब्दांत बांधा. पूल बांधता आला तर शब्द सहसा विसरला जात नाही. बांधता आला नाही तर मूळ बाजूला ठेवा, वाक्यं पाठ असू द्या. परीक्षेला महिनाभरच उरला असेल तर मुळांच्या मागे लागूच नका, फक्त वाक्यं वाचा. वर्षभर हातात असेल तर मुळांसारखा दुसरा आधार नाही, कारण एका 'तेक्सेरे'मागून सात-आठ शब्द रांगेने येतात.

अनोळखी शब्दाचा अर्थ उताऱ्यातच ओळखायचा असेल तेव्हा मुळाचा उपयोग अंदाजापुरता करा आणि तो अंदाज वाक्यात घालून तपासा. उपसर्गांच्या बाबतीत तर फारच जपून. 'सब'चा अर्थ 'खाली' म्हणून सगळीकडे हलका दर्जा येत नाही. 'सपोर्ट' म्हणजे खालून उचलून धरणं, 'सफर' म्हणजे खालून भार सोसणं, 'सब्स्टन्स' म्हणजे खाली उभं असलेलं, ज्यावर बाकीचं टिकतं ते. पहिल्या दोघांत तर 'सब'चं रूपच पुढच्या अक्षराप्रमाणे बदललं आहे, त्यामुळे तो पटकन ओळखूही येत नाही. दर्जाने खालचा हा अर्थ प्रामुख्याने 'सब-इन्स्पेक्टर', 'सबस्टँडर्ड' अशा, इंग्रजीनेच पुढे जोडून घेतलेल्या शब्दांत सापडेल. तिथे 'सब' काढून टाकला तरी उरलेला शब्द इंग्रजीत स्वतःच्या पायावर उभा राहतो. 'सटल'मधून 'सब' काढून बघा, जे उरतं त्याला इंग्रजीत काहीच अर्थ नाही. एवढी एक चाचणी सराव परीक्षेत केली असती तर 'खालच्या दर्जाचा' या पर्यायावर खूण करण्याआधी तुम्ही नक्की थांबला असता.